लढाईनंतरचा धडा

२७ एप्रिल २०२४, शनिवार

हिमू,

आशीर्वाद लिहून सुरुवात करायची सवय आहे, पण या वेळी हात धजावला नाही. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेजपुढे एकच टिक राहते, म्हणजे मला ब्लॉक केलं आहेस. आयटीत जन्म गेला माझा, एवढं कळतं. म्हणून कागदावर लिहितेय. तुला रविवारच्या मराठी शाळेत ओढत न्यायचे तेव्हा तू केवढी भांडायचीस. आज त्याच मराठीत तुझ्याशी बोलायची वेळ आली.

शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "आई, तू मिसेस टिलरींना घालवलंस." असं काहीही झालेलं नाही. त्यांना काढलेलं नाही. त्या रजेवर आहेत, पगारी रजेवर. चौकशी संपली की परत येतील. मी फक्त ऋषीच्या ग्रेडबद्दल बोलायला शाळेत गेले होते, जसे इथले सगळे आईबाप जातात. फ्रिस्कोची रेणू मावशी तर दर सेमिस्टरला जाते. माझं बोलणं कुणीतरी उचललं आणि त्याला भलतंच वळण दिलं, त्यात माझा काय दोष?

झालं ते एवढंच. ऋषीला इतिहासाचं प्रोजेक्ट होतं, तुझ्या वर्षी होतं तेच. यादवी युद्ध संपलं, गुलाम मोकळे झाले, आणि मग ती माणसं वर्तमानपत्रांत जाहिराती देऊ लागली. माझी आई अमक्या मालकाकडे होती, माझ्या भावाला अमक्या गावी विकलं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. रविवारी चर्चमध्ये पाद्री त्या मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यातली एक जाहिरात निवडायची, त्या माणसाचा जमेल तेवढा शोध घ्यायचा आणि लिहायचं. ऋषीने लिहिलं. मिसेस टिलरींनी त्याला झीरो दिला. झीरो, हिमू! ज्युनिअर इयर आहे, अकरावीचं. वर्गातल्या वरच्या सहा टक्क्यांतून घसरला तर ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीत आपोआप मिळणारी अ‍ॅडमिशन गेली. मी आई आहे. मी गप्प बसायचं होतं का?

त्या तुला इतिहासाच्या स्पर्धेसाठी स्वतःच्या गाडीतून ऑस्टिनला घेऊन गेल्या होत्या, हे मी विसरलेले नाही. आपल्या घरी जेवल्याही आहेत. तेव्हा म्हणाल्या होत्या, "लढाई शिकवायला सगळ्यांना आवडते, तोफा असतात, नकाशे असतात. लढाईनंतर काय झालं ते शिकवायला घेतलं की तास संपल्याची घंटा होते." तू त्या वाक्यावर खुळावली होतीस. तू आज शिकागोत मुलांना इतिहास शिकवतेस ते त्यांच्यामुळे, हेही मला कबूल आहे. माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाईट असेल का, तूच सांग.

सोबत भाजणी पाठवतेय. थालिपीठ लावताना तेल कमी घालू नकोस.

आई


१५ मे, बुधवार

हिमू,

काल स्कूल बोर्डाची मीटिंग झाली. त्याचा व्हिडिओ ते ऑनलाइन टाकतात, तू पाहिला असशील. त्यात मी मागच्या रांगेत दिसते का, मला माहीत नाही. नसेन तर बरं.

बाबा म्हणाले होते, "जाऊ नकोस. आता आपण त्यात दिसायचंच नाही." मी तरी गेले. मिसेस टिलरींच्या बाजूने बोलायला गेले होते असं तुला लिहिलं तर तू विश्वास ठेवशीलही. पण मी बोलायला गेले नव्हते. काय होतं ते बघायला गेले होते.

मिसेस हॅलोवे म्हणून एक बाई आहेत. पालकांचा एक गट चालवतात, बऱ्याच दिवसांपासून इतिहासाच्या पुस्तकांच्या मागे लागल्या आहेत. त्या माइकपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. नाव नाही घेतलं. "या देशात नव्याने आलेल्या एका कष्टाळू कुटुंबातली आई सांगते," असं म्हणाल्या. नव्याने! तू सहा वर्षांची असताना आलो आपण. मग वाक्य. "माझ्या मुलाला झोप लागत नाही. जे त्याने केलं नाही त्याबद्दल त्याला अपराधी वाटायला लावलं जातंय."

टाळ्या पडल्या. हिमू, माझ्या वाक्याला आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत, ना ऑफिसात, ना मंडळात. माझ्या मागे बसलेल्या एका गृहस्थाने, त्यांना कुठून कळलं देव जाणे, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुढे येऊन बोललात, मॅडम. फार बरं केलंत."

मी "थँक यू" म्हणाले.

तोंडातून आपसूक निघालं, असं मी रात्रभर स्वतःला समजावतेय.

मिसेस टिलरी पलीकडच्या बाजूला त्यांच्या बहिणीबरोबर बसल्या होत्या. हिरवा ड्रेस, केस पूर्ण पांढरे झालेत आता. त्यांनी मला पाहिलं. दुकानात ओळखीचं माणूस दिसल्यावर आपण हलवतो तशी मान हलवली. मी पर्स उघडून काहीतरी शोधायला लागले.

ते वाक्य माझंच आहे. कुणी वळणबिळण दिलेलं नाही. मी आणि ऋषी प्रिन्सिपलच्या ऑफिसात बसलो होतो. ते म्हणाले, ग्रेड हा शिक्षकाचा अधिकार आहे, मी त्यात हात घालू शकत नाही. मी उठतच होते. तेव्हा ते म्हणाले, "अर्थात, तुमची अडचण शिकवलेल्या विषयाबद्दल असेल तर गोष्ट वेगळी. नवे नियम आहेत, मुलांना अपराधी वाटेल असं काही शिकवायचं नाही. त्या धड्यामुळे तुमच्या मुलाला त्रास झाला का?"

दार उघडून धरलं होतं त्यांनी. आत गेले ती मी. "हो," म्हणाले, आणि मग ते वाक्य. इतकं सफाईदार इंग्लिश मला एरवी सुचत नाही.

त्यांनी ऋषीला विचारलं, "खरं का हे?"

ऋषी बुटांकडे बघत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. तो म्हणाला, "येस, सर."

आई


२० जून, गुरुवार

हिमू,

काल जूनटीन्थची सुट्टी. बाबा गाडी धुवत होते, मी पोहे केले होते. ऋषीने विचारलं, "मॉम, ही सुट्टी कसली आहे, माहितेय?" त्याचं सगळं इंग्लिशमध्येच चालतं, मी मराठीत लिहितेय इतकंच.

म्हटलं, "गुलामांना स्वातंत्र्य मिळालं त्याची."

"नाही," तो म्हणाला. "ते आधीच मिळालं होतं. टेक्सासातल्या लोकांना अडीच वर्षं कुणी सांगितलंच नाही. ज्यांना माहीत होतं ते गप्प बसले."

आणि माझ्याकडे बघत राहिला.

आता मला ते लिहायला हवं जे मी एप्रिलपासून लपवतेय. तुला बहुतेक वास आला असेल, तू शिक्षिका आहेस.

ऋषीने ते प्रोजेक्ट केलंच नव्हतं. एआयच्या मशिनकडून लिहून घेतलं. आदल्या दिवशी रोबोटिक्सची स्पर्धा होती, दमला होता. त्याने निवडलेली जाहिरात ल्यूसिंडा नावाच्या बाईची होती. लढाई सुरू झाल्यावर, उत्तरेची फौज येऊन आपले गुलाम सोडवील या भीतीने, मालक तिला लुइझियानातून टेक्सासात घेऊन आला. आई आणि भाऊ मागेच राहिले. लढाई संपल्यावर ती त्यांना शोधत होती. भावाच्या कपाळावर भाजल्याचा डाग आहे, असं तिने लिहिलं होतं. आपल्या चिरंजीवांच्या निबंधात भावाने ती जाहिरात वाचली, तो आगगाडीने आला, स्टेशनावर दोघं गळ्यात पडून रडली. खाली पुरावा म्हणून एका वर्तमानपत्राचं नाव, जे वर्तमानपत्र कधी निघालंच नव्हतं.

तास संपल्यावर मिसेस टिलरींनी त्याला थांबवून घेतलं. "हे तुला कुठे सापडलं?" ऋषी बॅग खांद्याला लावायला लागला. तेव्हा त्या म्हणाल्या, "खरं असतं तर माझ्याइतका आनंद कुणाला झाला नसता. यातली बहुतेक माणसं पुन्हा कधी भेटली नाहीत, ऋषी. तू तिला फुकटात भाऊ मिळवून दिलास." मग म्हणाल्या, "आठवड्यात पुन्हा लिही. सत्तरपर्यंत मार्क देईन. काही सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिही."

पुन्हा लिहायची संधी दिली होती त्यांनी. कॉपीची नोंद रेकॉर्डवर केली नाही, वर कुणाला कळवलं नाही. मला सत्तर नको होते, हिमू. मी सत्तरच्या वरच्या मार्कांसाठी भांडायला गेले आणि त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीला धक्का लावून आले. हे मी प्रिन्सिपलला सांगितलं नाही. बाबांनाही नाही. तुला तर नाहीच.

काल ऋषी म्हणाला, "मला खरं सांगायचंय. मी शाळेत मेल करतो."

मी म्हटलं, "वेडा आहेस का? कॉलेजची अ‍ॅप्लिकेशन्स तोंडावर आली आहेत. चीटिंगचा शिक्का बसला तर चांगलं कॉलेज बघणारही नाही तुझ्याकडे."

"आणि मिसेस टिलरी?"

"त्यांचं त्या बघतील. युनियन असेल. आणि हे बघ, हा त्यांच्यासारख्या काळ्यांचा आणि गोऱ्यांचा जुना झगडा आहे. आपण बाहेरून आलेले, आपण त्यात कशाला?"

तो उठला. "मी जन्मलो तेव्हा तुम्ही दोघं कुठल्या व्हिसावर होतात?"

"एच-वन."

"मग मी सिटिझन कसा?"

"इथे जन्मलास म्हणून."

"इथे जन्मला तो इथला, हे घटनेत कधी लिहिलं? त्या लढाईनंतर लिहिलं, मॉम. त्या मोकळ्या झालेल्या लोकांसाठी. मिसेस टिलरी तोच चाप्टर शिकवत होत्या. माझा पासपोर्ट त्या चाप्टरमधून आलाय."

बाबा हातात ओलं फडकं घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं माझ्यावर ओरडतील. ते म्हणाले, "सुचित्रा, आधी मला तरी सांगायचंस." आणि मग ऋषीला, "पण आता मेल करू नकोस." म्हणजे आम्ही दोघंही तसलेच.

तुला लिहिता लिहिता मध्येच माझ्या मनात आलं की मीही पत्रं पाठवून माझ्या मुलीला शोधतेय, ल्यूसिंडासारखी. आणि लगेच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. तुला माझ्यापासून कुणी विकलं नाही. तू माझ्यामुळे गेलीस. तुझा पत्ता मला पाठ आहे.

आई


११ ऑगस्ट, रविवार

हिमू,

मिसेस टिलरींनी राजीनामा दिला. अधिकृत शब्द निवृत्ती. चौकशीत काही निघालं नाही, पण त्यांना दुसऱ्या शाळेत लायब्ररी सांभाळायला सांगितलं, तेव्हा त्यांनी कागद देऊन टाकला. जाहिरातींचा तो धडा यंदापासून बंद. ऋषीच्या धाकट्या मित्राने नवं वेळापत्रक दाखवलं. लढाईला तीन आठवडे आणि लढाईनंतरच्या सगळ्याला एक तास.

उन्हाळाभर ऋषी रोबोटिक्सला जातो असं सांगून लायब्ररीत जात होता. ल्यूसिंडाला शोधत होता. जुने जनगणनेचे कागद, चर्चच्या नोंदी, त्या काळची वर्तमानपत्रं. मला हे कळलं ते काल सकाळी. तो किल्ली घेऊन उभा होता. म्हणाला, "मी मिसेस टिलरींकडे चाललोय. तू येणार आहेस का?"

येतेस का, असं नाही. येणार आहेस का. मी चप्पल घातली.

त्या डॅलसच्या दक्षिणेला राहतात. आपल्याकडून एवढं अंतर, आणि मी तिकडे कधी गेलेच नव्हते. वाटभर ऋषी गाणीही लावेना. लहानसं विटांचं घर, पुढे पोर्च, कुंड्यांमध्ये भेंडी लावलेली. त्यांनी दार उघडलं. ऋषीला बघून हसल्या. मग मला पाहिलं.

ऋषीने कागद पुढे केले. "लेट आहे, मॅम. ग्रेड नको. फक्त वाचा."

त्यांनी तिथेच दारात पहिली ओळ मोठ्याने वाचली. "मला ल्यूसिंडा सापडली नाही." कागद एकत्र जुळवले. म्हणाल्या, "ये आत, पेन घेऊन बसू या." मी पाऊल उचललं, तेव्हा माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "मिस सुचित्रा, तुम्ही इथे बसा."

मी पोर्चवर बसले. ऑगस्टातलं टेक्सास, हिमू. घामाने पाठ भिजली. आतून दोघांचा आवाज येत होता. त्या विचारत होत्या, "हे नाव सापडलं ते तिचंच कशावरून?" आणि ऋषी म्हणत होता, "नाही सांगता येत." "मग तसंच लिही." कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी ऋषी गाडीकडे गेला आणि त्या पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आल्या. ग्लास माझ्या हातात दिला आणि उभ्याच राहिल्या.

मी सॉरी म्हणायला लागले. गाडीत सगळी वाक्यं जुळवली होती. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"त्या मिसेस हॅलोवे मला ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या. "टाळ्या वाजवणारे मला ओळखत नाहीत. त्यांचं मला फारसं लागत नाही, मी अशा लोकांतच वाढले आहे. तुम्ही मला ओळखत होतात."

मी ग्लास खाली ठेवायला जागा शोधू लागले.

"मुलगा चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "ग्लास तिथे कठड्यावर ठेवा." आणि आत गेल्या. दार आपटलं नाही. हळू लावलं.

तेव्हापासून मला एकच वाटतंय. आपटायला हवं होतं.

आई


१८ सप्टेंबर, बुधवार

हिमू,

तुझा मेसेज ऋषीने मला दाखवला. माझ्या एवढ्या पत्रांना तुझं एका ओळीचं उत्तर, तेही त्याच्या फोनवर. "टेल आई टू से इट इन इंग्लिश."

आधी मला राग आला. मग किचन आवरता आवरता पटलं. तुझं बरोबर आहे. इथे मराठीत लाज वाटून घेणं सोपं आहे, ती कुणाला वाचता येत नाही. खोटं इंग्लिशमध्ये बोलले आणि खरं मराठीत लिहीत बसले, बंद पाकिटात घालून, तुझ्या एकटीच्या नावाने.

काल बोर्डाच्या मीटिंगला गेले. या वेळी नाव नोंदवून. त्याआधी ऋषी स्वतः शाळेच्या काउन्सेलरला भेटून सगळं सांगून आला होता, आम्हाला न विचारता. कॉपीची नोंद झाली. हुशार मुलांच्या त्या ऑनर सोसायटीतून नाव गेलं. वरच्या सहा टक्क्यांचं आता काही खरं नाही. बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि काल मीटिंगला मात्र त्याच्या शेजारी टाय लावून बसले.

माइकपाशी गेले. कागदावरून वाचलं. म्हणाले, "मेमध्ये इथे ज्या आईचं वाक्य वाचून दाखवलं ती मी आहे. ते वाक्य खोटं होतं. माझ्या मुलाला त्या धड्याने कसलाही त्रास झाला नव्हता. त्याने तो धडा केलाच नव्हता. त्याने नक्कल केली, शिक्षिकेने त्याला सुधारायची संधी दिली, आणि मला ग्रेड हवी होती म्हणून मी त्यांच्यावर आरोप केला. ऋषीने त्याचं नाव घ्यायला मला सांगितलं आहे. माझं नाव सुचित्रा. मिसेस टिलरी आमच्या घरी जेवलेल्या आहेत. त्यांनी माझ्या मुलीला..." इथे बझर वाजला. प्रत्येकाला ठरावीक वेळ असतो. माझा माइक बंद झाला. मी बंद माइकवर बोलत राहिले. पहिल्या रांगेतल्यांना तेवढं ऐकू गेलं असेल, त्यातला एक जण फोन बघत होता.

अध्यक्ष म्हणाले, "आपल्या मताबद्दल आभार." पुढचा विषय पार्किंगचा होता.

मला काय वाटलं होतं, कुणास ठाऊक. कुणी उभं राहील, कुणी म्हणेल की त्यांना परत बोलवा. तसं काही झालं नाही. मिसेस हॅलोवे माझ्या बाजूने जाताना नुसत्या हसल्या, आपण वेड्या माणसाला बघून हसतो तसं. बाहेर गाडीपाशी मंडळातले सुमंत काका भेटले. "वहिनी, कशाला हो? घरातली गोष्ट घरात राहिली असती. आता सगळ्या देशी मुलांकडे शाळा संशयाने बघणार."

बाबांनी गाडीचं दार उघडून धरलं आणि त्यांना म्हणाले, "सुमंतराव, आमच्या वागण्याचा त्रास तुम्हाला होणार असेल तर माफ करा. पण घरातली गोष्ट नव्हती ती."

तीस वर्षांच्या संसारात त्या माणसाने असं काही बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. 

यानंतर तुला माझ्याशी बोलावंसं वाटायला हवं असं काही नाही. तेवढ्यासाठी केलं नाही. निदान, तेवढ्यासाठीच केलं नाही.

आई


३ नोव्हेंबर, रविवार

हिमू,

परवा ऋषीच्या खोलीतून तुझं हसणं ऐकू आलं. व्हिडिओ कॉल असावा. मी जिन्यातच थांबले आणि मग कपड्यांची बास्केट घेऊन परत खाली गेले. तो तुला सगळं सांगत असेलच, तरी कालचं माझ्याकडून लिहिते.

मिसेस टिलरींनी त्यांच्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारचा वर्ग सुरू केलाय. जाहिराती वाचायच्या, नावं शोधायची. कुणीही यावं. ऋषी पहिल्यापासून जातो, कम्प्युटरवरच्या नोंदींचं काम करतो. त्याने त्यांना विचारलं, माझी आई आली तर चालेल का. त्या म्हणाल्या, "चर्चचा हॉल आहे. मी कोण नाही म्हणणार?" हो म्हणाल्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. तरी गेले.

आत बरीच माणसं होती. बहुतेक म्हातारी, काही नातवंडं. भिंतीशी कॉफी, घरून केलेला केक. लांब टेबलांवर कागद पसरलेले. आम्ही दारात होतो तोच सगळ्यांचं बोलणं थोडं कमी झालं. ऋषीला ते ओळखतात. एक आजोबा म्हणाले, "आणि ह्या कोण, ऋषी?"

ऋषी तोंड उघडणार तोच टेबलाच्या टोकाकडून मिसेस टिलरी बोलल्या. चष्मा नाकावर, हातात पेन्सिल. आवाज चढवला नाही, वर्गात हजेरी घेतात तसा आवाज.

"ह्या मिस सुचित्रा. माझ्याबद्दल तक्रार केली होती ती ह्यांनी."

सगळे माझ्याकडे वळले. हिमू, बोर्डासमोर मी स्वतः बोलले होते, माझ्या शब्दांत, माझ्या वेळेला. हे तसं नव्हतं. हे त्यांनी सांगितलं, त्यांच्या माणसांना, आणि त्यात एकही शब्द कमीजास्त नव्हता. मला वाटलं आता म्हणावं, हो, पण नंतर मी. पण नंतर मी बोर्डासमोर. पण नंतर मी सगळं. ओठांपर्यंत आलं होतं. ऋषीने माझ्याकडे पाहिलं. मी गिळलं.

"हो," म्हणाले. "मीच."

मिसेस टिलरींनी मान खाली घातली आणि कागद उलटला. त्या पुढचं नाव वाचायला लागल्या. कुणी मला जा म्हणालं नाही आणि ये असंही म्हणालं नाही. सगळ्या खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या. ऋषीही त्याच्या कम्प्युटरकडे निघून गेला, त्याला माझ्यासाठी थांबायचं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. मी दाराजवळ उभी राहिले, पर्सचा पट्टा हातात धरून. परत फिरायला दोन पावलं पुरली असती.

मधल्या टेबलाशी एक खूप म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. जांभळी टोपी, हाताला सतत कंप. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, मायेनेही नाही. पावसात कुणी उभं असलं की आपण बघतो तसं. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.

मी जाऊन बसले.

आई